संत टायटस ब्रँडस्मा आणि अठ्ठेचाळीस दिवे



येत्या २७ जुलैला संत टायटस ब्रँडस्मा यांचा सण येतो. आपल्या धर्मग्रामात हे नाव फारसे कोणाच्या ओठांवर नाही. आपल्याकडे संत अंतोन, संत तेरेजा, संत फ्रान्सिस झेवियर ही घरची माणसे, आणि या हॉलंडच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना संतपद मिळून फार वर्षेही झालेली नाहीत. त्यांच्या देशात मात्र त्यांच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत. या धर्मगुरूंचा छळछावणीत अंत झाला, आणि त्याला निमित्त झाली वर्तमानपत्रातली एक जाहिरात. दर रविवारी मिस्सानंतर हातात पडणारे असले एखादे चार पानी पत्रक आपण घडी करून खिशात घालतो. असल्याच कॅथलिक पत्रांसाठी एका माणसाने प्राण दिले, म्हणून त्यांचे चरित्र इथे सांगावे असे आम्हांला वाटले.

हॉलंडच्या उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. सपाट हिरवी कुरणे, काळ्यापांढऱ्या गाई आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट वस्ती. तिथे बोल्सवर्ड गावाजवळ दुधाचा धंदा करणाऱ्या एका कॅथलिक शेतकऱ्याच्या घरी २३ फेब्रुवारी १८८१ रोजी या बाळाचा जन्म झाला. नाव ठेवले आन्नो स्योर्ड. सहा भावंडांपैकी एक बहीण सोडली तर बाकी सर्वांनी व्रतस्थ जीवन पत्करले. आईवडिलांनी एवढी मुले देवाला दिली आणि गाईंचे दूध काढायला कोण राहिले, हा प्रश्न आमच्यासारख्या शेतकरी घरात वाढलेल्यांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आन्नो अंगाने किरकोळ होता, पोटाच्या दुखण्याने नेहमी बेजार. अकराव्या वर्षी तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या सेमिनरीत शिकायला गेला आणि १८९८ मध्ये बॉक्समेर गावच्या कार्मेल मठात दाखल झाला. तिथे त्याने आपल्या वडिलांचे नाव धारण केले : टायटस. संत पौलाने ज्याला पत्र लिहिले त्या तीताचेच हे नाव. १७ जून १९०५ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे रोममध्ये त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून ते ओस या गावी शिकवू लागले. तिथे त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राचे संपादनही केले. छापील शब्दाशी त्यांचे नाते तेव्हापासूनचे.

१९२३ साली नायमेखन शहरात कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. फादर टायटस तिथे पहिल्या वर्षापासून प्राध्यापक होते. तत्त्वज्ञान आणि मध्ययुगीन संतांची प्रार्थनापरंपरा हे त्यांचे विषय. जुन्या हस्तलिखितांची हजारो पाने त्यांनी छायाचित्रे काढवून जमवली. १९३२-३३ या वर्षी ते विद्यापीठाचे प्रमुखही होते. पण ज्यांनी त्यांना पाहिले ते त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या दाराविषयी अधिक सांगत. कोणीही यावे, दार वाजवावे, आणि प्रोफेसर महाशयांनी लेखणी खाली ठेवून त्याचे ऐकत बसावे. सिगारची त्यांना आवड होती. खिशात रेल्वेचा पास असे आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची सारखी ये-जा चाले. संत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गुहेत बसलेला कोणी तपस्वी येतो. हे संत आगगाडीत बसून प्रुफे तपासणारे होते. १९३५ साली उट्रेख्टच्या वरिष्ठांनी त्यांना कॅथलिक पत्रकारांचे आध्यात्मिक सल्लागार नेमले.

त्याच सुमारास शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता घट्ट झाली होती. जर्मनीत यहुदी लोकांवर चाललेल्या अन्यायाविरुद्ध फादर टायटस यांनी छापील निषेध केला, आणि नाझी विचार माणसाला माणूस मानत नाही हे विद्यापीठातल्या वर्गात उघड शिकवले. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. पाच दिवसांत देश शरण आला. राणी इंग्लंडला गेली आणि देश पाच वर्षांसाठी परक्यांच्या टाचेखाली आला.

आधी सगळे काही पूर्वीसारखेच चालू आहे असे भासवले गेले. दुकाने उघडी, गाड्या वेळेवर. मग एकेक फर्मान येऊ लागले. १९४१ साली यहुदी मुलांना शाळांतून काढण्याचा हुकूम निघाला. फादर टायटस कॅथलिक शाळांच्या संघटनेचे काम पाहत होते. बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी मुलांना आमच्या शाळांतून घालवणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. डिसेंबर १९४१ मध्ये दुसरे फर्मान आले : डच नाझी पक्षाच्या जाहिराती आणि निवेदने सर्व वर्तमानपत्रांनी, कॅथलिक पत्रांनीसुद्धा, छापलीच पाहिजेत.

आता एखादा म्हणेल, जाहिरातच ना? शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापा आणि मोकळे व्हा. अनेक संपादकांच्या मनात तोच विचार असणार. पेपर बंद पडला तर कामगारांच्या चुली बंद पडतील ही भीती खोटी नव्हती, आणि तिला भ्याडपणा म्हणायला आम्ही धजणार नाही. पण आर्चबिशप दे योंग आणि फादर टायटस यांना दिसत होते की एकदा ते पान दिले की बाकीची पाने आपली राहणार नाहीत. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४१ रोजी, फादर टायटस यांनी सर्व कॅथलिक संपादकांच्या नावे पत्र तयार केले. ते टपालाने पाठवण्यापेक्षा आपणच घेऊन जावे असे त्यांनी ठरवले. साठीचे, आजारी शरीराचे हे गृहस्थ जानेवारीच्या थंडीत रेल्वेने गावोगाव फिरले आणि डझनभराहून अधिक संपादकांना समोर बसून भेटले. नकार देणाऱ्यावर काय येऊ शकेल हे त्यांनी कोणापासून लपवले नाही, निर्णय मात्र ज्याचा त्याच्यावर सोडला.

१९ जानेवारी १९४२ च्या संध्याकाळी नायमेखनच्या मठात पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. समुद्रकाठच्या स्खेव्हेनिंगेन येथील तुरुंगात चौकशी झाली. नाझी पक्षाला हॉलंडचे कॅथलिक लोक विरोध का करतात, ते लिहून द्या असे अधिकाऱ्याने सांगितले. त्यांनी काहीही न झाकता लिहून दिले. युद्ध संपेपर्यंत या माणसाला मोकळे सोडू नये, असे मग ठरले. त्या कोठडीत त्यांनी आपला दिनक्रम मठासारखाच लावून घेतला. येशूच्या चित्रापुढे बसून एक कविता लिहिली, ती पुढे अनेक भाषांत गेली. अविलाच्या संत तेरेजाचे चरित्र लिहायला घेतले आणि कागद मिळेना, तेव्हा एका छापील पुस्तकाच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेत ते लिहीत गेले.

मार्चमध्ये त्यांना आमर्सफोर्टच्या छावणीत हलवले. तिथे त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला, ३ एप्रिलला, त्यांनी बरोबरच्या कैद्यांना ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी प्रवचन दिले. धर्मगुरूचे काम करायला तिथे सक्त मनाई होती, म्हणून व्याख्यान म्हणून सांगितले एवढेच. ऐकणाऱ्यांत प्रॉटेस्टंट होते, कोणताच धर्म न मानणारेही होते.

१९ जून १९४२ रोजी ते जर्मनीतल्या डाखाऊ छावणीत पोहोचले. कैदी क्रमांक ३०४९२. डाखाऊ ही धर्मगुरूंची छावणी म्हणून ओळखली जाते. वेगवेगळ्या देशांचे सुमारे २७०० धर्मगुरू व व्रतस्थ तिथे डांबले गेले. त्यांत सर्वांत जास्त पोलंडचे, आणि सगळे मिळून हजारांहून अधिक तिथेच मेले. फादर टायटस यांच्या पायांत लाकडी खडावा, टाचांना जखमा, वर शेतातले काम. हळू चालले की मार. त्यांच्याच संघाचे ब्रदर राफाएल त्यांना सावरून नेत. चोरून आणलेले ख्रिस्तशरीर ते चष्म्याच्या डबीत जपून ठेवीत. एकदा भरपूर मार खाल्ल्यावरही ती डबी त्यांनी काखेत घट्ट धरून ठेवली होती. रात्री त्या दोघांनी त्याच डबीपुढे आराधना केली. मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे ते बरोबरच्यांना सांगत, आणि ते ऐकणे सोबत्यांना जड जाई.

महिन्याभरातच शरीराने साथ सोडली. छावणीच्या दवाखान्यात एक डच परिचारिका होती. धर्मगुरूंविषयी तिच्या मनात तिटकारा भरवलेला होता. फादर टायटस तिचा हात हातात घेऊन तिची विचारपूस करीत, तू इथे कशी आलीस असे विचारीत. त्यांनी तिला आपली रोझरी दिली. एका कैद्याने लाकडाच्या मण्यांची करून दिलेली. मला प्रार्थना येत नाही म्हणून ती घेईना, तेव्हा ते म्हणाले की नमो मरियेचा शेवटचा भाग, आम्हां पापी लोकांसाठी विनंती कर, एवढे म्हटलेस तरी चालेल. २६ जुलै १९४२, रविवार. दुपारी तिनेच, डॉक्टरच्या हुकमावरून, त्यांना विषारी इंजेक्शन दिले. दहा मिनिटांत सगळे संपले. पुढे कितीतरी वर्षांनी हीच बाई आपण होऊन ख्रिस्तसभेच्या चौकशीपुढे उभी राहिली आणि तिने हे सर्व सांगितले. फादर टायटस यांच्या शेवटच्या घटकांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते तिच्या कबुलीमुळे.

त्याच रविवारी हॉलंडच्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपांचे पत्र वाचले गेले. त्यात यहुदी लोकांना देशाबाहेर नेण्याचा उघड निषेध होता. सूड म्हणून आठवड्याभरात बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी लोकांना पकडण्यात आले. त्यांतच कार्मेल मठातल्या सिस्टर एडिथ स्टाइन होत्या. ९ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये त्यांचा अंत झाला.

फादर टायटस यांचे शहर नायमेखन मुक्त झाले ते त्यानंतर दोन वर्षांनी, आणि ही हकीकत सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. १९४३ साली विद्यार्थ्यांनी जर्मन सत्तेशी एकनिष्ठेचे निवेदन सही करावे असा हुकूम आला. त्यांच्या विद्यापीठाच्या प्रमुखांनी ते निवेदन विद्यार्थ्यांपुढे ठेवायलाच नकार दिला आणि विद्यापीठाला कुलूप लागले. गुप्तपणे लढणारे तरुण शहरात होतेच. त्यांतला एक यान फान होफ, बावीस वर्षांचा कॅथलिक स्काउट. वाल नदीवरचा मोठा पूल उडवण्यासाठी जर्मनांनी लावलेल्या सुरुंगांच्या तारा त्याने कापल्या असे मानले जाते. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पण १९ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्त सैन्याला वाट दाखवताना तो मारला गेला हे खरे आहे, आणि पुलाजवळ त्याचे स्मारक आहे.

दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, दुपारी तीनच्या सुमारास अमेरिकेच्या ८२व्या हवाई डिव्हिजनचे जवान कापडी तळाच्या छोट्या होड्यांतून वाल नदी ओलांडू लागले. होड्या सव्वीस. वल्ही पुरेशी नव्हती, म्हणून कित्येकांनी बंदुकीच्या दस्त्याने पाणी मारले. पलीकडच्या बांधावरून मशीनगनचा मारा चालू होता. आपल्याकडे कोळी बांधव भरतीच्या वेळी होडी कशी सांभाळतात ते आपण पाहिले आहे. तशा होडीत, दिवसाढवळ्या, समोरून गोळ्या येत असताना वल्ही मारायची ही कल्पना करून पाहावी. अठ्ठेचाळीस जवान त्या दिवशी पडले. ते आले होते समुद्रापलीकडून. या शहराचे नाव त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी ऐकलेही नसेल. संध्याकाळी पूल हाती आला आणि नायमेखन मुक्त झाले.

आणखी एक गोष्ट नायमेखनचे लोक विसरत नाहीत. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला अमेरिकेच्याच विमानांनी चुकून या शहरावर बाँब टाकले होते. सुमारे आठशे माणसे मेली. एका शाळेत चोवीस लहान मुले आणि आठ सिस्टर्स होत्या. त्या जागी आज एक झोपाळा आहे, स्मारक म्हणून. ज्यांच्या हातून मुले गेली, त्यांच्याच देशबांधवांनी सात महिन्यांनी नदीत जीव देऊन शहर सोडवले. या दोन गोष्टी एका मनात कशा ठेवायच्या? नायमेखनने दोन्ही ठेवल्या. उपकारांपायी दुःखावर पांघरूण घातले नाही आणि दुःखापायी उपकार नाकारले नाहीत. आम्हांला तर घरातल्या घरात, भावाभावांतसुद्धा, हे जमत नाही.

देशाचा उत्तरेकडचा भाग मात्र अडकून पडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे भुकेने व थंडीने गेली. फादर टायटस यांच्या फ्रीसलंडला कॅनडाच्या सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये मुक्त केले. त्याच महिन्यात, २९ तारखेला, अमेरिकन सैनिक डाखाऊच्या फाटकातून आत शिरले. तोही रविवारच होता. जिवंत सापडलेल्यांत ब्रदर राफाएल होते. त्यांनी घरी जाऊन सांगितले म्हणून चष्म्याच्या डबीची हकीकत आज आपल्यापर्यंत आली. फादर टायटस यांना सोडवायला सैनिक तीन वर्षे उशिरा पोहोचले. पण त्यांचा साक्षीदार त्यांनी सोडवला.

हॉलंडचे लोक हे ऋण कसे मानतात ते सांगण्यासारखे आहे. लिंबुर्ख या कॅथलिक प्रांतात मार्ग्राटेन येथे अमेरिकन सैनिकांचे कबरस्तान आहे. तिथल्या आठ हजारांहून अधिक कबरींपैकी प्रत्येक कबर कोणत्या ना कोणत्या कुटुंबाने दत्तक घेतलेली आहे. फुले नेतात, पुढे मुले-नातवंडे तेच काम चालवतात, आणि ज्यांना कबर मिळाली नाही ते प्रतीक्षायादीत नाव घालतात. होल्टन गावी कॅनडाच्या सैनिकांच्या कबरींवर नाताळच्या आदल्या रात्री शाळेतली मुले मेणबत्त्या लावतात. ४ मेच्या रात्री आठ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. आपण २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, ते आपल्या रक्ताचे म्हणून. हे लोक ज्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी लावतात.

असे मुक्त करणारे आपल्या मातीतूनही गेले होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. १० जुलै १९४४ रोजी, बाविसाव्या वर्षी, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठेच नाही, कासिनो येथील स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. महामार्गाने जाता-येता आपल्यातल्या किती जणांनी गाडी थांबवून तो पाहिला, हे आम्ही स्वतःला विचारले आणि गप्प बसलो.

फादर टायटस यांचीही कबर नाही. डाखाऊच्या भट्टीतली राख इतरांच्या राखेत मिसळली. १९८५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. २००५ साली नायमेखनच्या नागरिकांनी आपल्या शहरातला आजवरचा सर्वांत थोर माणूस म्हणून त्यांची निवड केली. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये त्यांना संतपद दिले. त्याच वेदीपुढे, त्याच सोहळ्यात, आपल्या भारताचे देवसहायम पिल्लई हेही संत झाले.

आणि त्या नदीवर २०१३ साली एक नवा पूल बांधला गेला, जिथे होड्या उतरल्या होत्या तिथेच. पुलावर दिव्यांच्या अठ्ठेचाळीस जोड्या आहेत. रोज सूर्य मावळला की त्या एकदम लागत नाहीत. एका मागून एक, संथ पावलांच्या चालीने लागत जातात. सगळ्या लागायला बारा मिनिटे लागतात. २०१४ पासून रोज संध्याकाळी एक निवृत्त सैनिक त्या दिव्यांबरोबर चालत पूल ओलांडतो. कोणीही त्याच्याबरोबर चालू शकते. पाऊस असला तरी चालतात.